मॅडमचे पाच पंच

सौसरच्या स्टँडवर सकाळी पांढुर्ण्याची जीप भरते तेव्हा सगळीच माणसं वैतागलेली असतात, आणि त्यात मी आघाडीवर. आपल्याला वाटतं जीप भरली. जीपवाल्याला तसं कधीच वाटत नाही. माझी कॉलेजातली नोकरी नवी असतानाच्या एका सोमवारी माझ्या समोरच्या सीटवर पन्नाशीतली एक बाई बसली होती. मांडीवर कुणाचा तरी डबा, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचं कोपर, आणि चेहरा मात्र लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखा प्रसन्न.

"आता पाहा वो बाई," ती मला म्हणाली, "आणखी एक आला का हे लोक कसे बसतात ते."

आणखी एक आला. सरका म्हणून कुणी म्हटलं नाही, पण एक जण पुढं टेकला, त्याच्या शेजारचा मागं रेलला, तिसरा पुढं, चौथा मागं. गुडघे एकाआड एक झाले आणि नव्हती ती जागा झाली.

"पाहिलं? माणसं तेच. दाब आला अन् बसणं बदललं. दगडाचं बी असंच असते."

बाईचं काही तरी बिनसलेलं आहे, असं मला वाटलं. कॉलेजात पोचल्यावर कळलं की त्या आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. माझं मत त्यानं काही बदललं नाही, फक्त त्यांना मी त्या दिवसापासून मॅडम म्हणायला लागले.

कॉलेजात शिकवणं हे मॅडमचं पोटापाण्याचं काम. त्यांचा खरा धंदा दगड दाबण्याचा. पांढुर्ण्यात दगडांचं नाव काढलं की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून होणारी गोटमार आठवते, पण मॅडमचे दगड वेगळे. जमिनीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली खनिजांवर जो दाब येतो, त्या दाबात ती कशी बसतात, कधी बसणं बदलतात, हे त्यांना शोधायचं असे. तिथं जाऊन कुणी पाहून आलेलं नाही. हिशोबानं काढायचं म्हटलं तर अणूंच्या एकेका मांडणीचा खरा हिशोब व्हायला दिवस जातात. म्हणून मॅडम काही मांडण्यांचे खरे हिशोब करून घेत, ते मशीनला धडे म्हणून देत, आणि मशीन त्यावरून शिकून पुढची उत्तरं झटक्यात सांगे. रोज कणीक मळणारी बाई पीठ पाहूनच पाणी किती लागेल ते सांगते, मोजत बसत नाही. मॅडमची मशीन तशी तयार होत असे.

मॅडम पांढुर्ण्यात स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात भाड्यानं राहत, रविवारी तेवढ्या सौसरच्या पुढं वडिलांकडे जात. बाहेरच्या खोलीत त्या, आतल्या खोलीत मशीन. मशीन म्हणजे लोखंडी टेबलावर मांडलेले काळे डबे, त्यांचे पंखे, आणि त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला घरातला एकुलता एक मोठा कूलर. डबे तापले की कूलर आपोआप सुरू होई, थंड झाले की बंद, अशी त्यांनी तारांची काही करामत केली होती. सगळं चालू असलं की घर घुमायचं. बाहेरच्या पायरीवर बसलं तरी खालून हलकी थरथर जाणवायची आणि मांडणीतल्या कपबशा किणकिणत राहायच्या.

मे महिन्यात पांढुर्णा तापलं म्हणजे मॅडम ओला पंचा डोक्यावर घेऊन पायरीवर पेपर तपासत बसत. घरमालक संत्र्यांचे व्यापारी. त्यांना ते बघवत नसे.

"मॅडम, कूलर मशीनले अन् तुमी पायरीवर?"

"मले घाम येते जी. तिले येत नाही."

एवढी मशीन घरात म्हटल्यावर गावानं आपापला अर्थ लावलाच. तिगावकडचे संत्रेवाले आंब्या बहराच्या दिवसांत गारपिटीच्या धास्तीनं हमखास येत. "मॅडम, औंदा गार पडन का?" मॅडम म्हणत, "माहीत नाही." "एवढी मशीन लावून बी माहीत नाही?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "तिले गारीचं शिकवलं नाही. जे शिकवलं नाही ते तिले इचारू नये. ती सांगन, पण खोटं सांगन." संत्रेवाले चहा पिऊन, मान हलवत परत जात.

"माहीत नाही" या दोन शब्दांवर मॅडमचं फार प्रेम. कॉलेजातल्या चाचणीत एखाद्यानं उत्तराच्या जागी "मला माहीत नाही" असं लिहिलं तर त्या अर्धा मार्क देत. पोरांना ही सोय भलतीच आवडली आणि एका वर्गानं सगळ्याच प्रश्नांना तेच उत्तर लिहिलं. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मी काही सह्यांसाठी तिथंच उभी होते.

"सर," मॅडम म्हणाल्या, "खोटं लिहिणाऱ्याले शून्य अन् खरं बोलणाऱ्याले बी शून्य, हे कसं बरोबर हाये?"

प्राचार्य विचारात पडले.

"माहीत नाही म्हणा सर. अर्धा मार्क देते."

प्राचार्य तसे भले गृहस्थ. हसले, आणि पुढच्या वेळेपासून असं करू नका म्हणाले. मॅडमनी पुढच्या वेळी पाव मार्क दिला.

पण मॅडमना ओळखायचं तर त्यांचे पाच पंच माहीत पाहिजेत. एका मशीनच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून त्या तेच धडे देऊन पाच वेगवेगळ्या मशिनी तयार करत. डबे तेच, पण आतले शिकणारे पाच. त्यांना त्या पंच म्हणत. दाब वाढवत न्यायचा आणि प्रत्येक पायरीवर पाचही जणांना विचारायचं. पाचांत वाद झाला तर समजायचं, हे यांना शिकवलेलं नाही. मग तिथं थांबून खरा हिशोब लावायचा, त्याला दिवस लागले तरी. एकमत झालं तर पुढं जायचं.

ही सवय घरादारात पसरली होती. पोह्यांत मीठ बरोबर आहे का, हे त्या पाच जणांना विचारत. छत्री न्यावी का, हिरवी साडी बरी की निळी, सगळ्याला पाच माणसं. स्टाफरूममध्ये त्या दारात उभ्या राहिल्या की आम्ही आधीच "हो" म्हणून टाकायचो. तेव्हा त्या चिडत. "प्रश्न तं ऐका." मी त्यांच्या पंचांतली कायमची सभासद होते, आणि खरं सांगते, मीठ चाखण्यापलीकडे मी त्या जबाबदारीचा कधी फारसा विचार केला नाही.

त्यांच्या टेबलावर हजेरीपटावर ठेवलेला एक काळा दगड असायचा. मुठीएवढा, पण उचलायला गेलं तर हात खाली जावा असा जड. सौसरजवळच्या मँगनीजच्या खाणीतला. मॅडमचे वडील त्या खाणीत ड्रिलवर होते, आणि त्यांच्या लहानपणी बाबांनी तो खिशातून घरी आणला होता. जगातली खनिजं सोडून मॅडमनी याच दगडातल्या खनिजाचा पिच्छा धरला होता, त्याचं कारण विज्ञानात नाही, बाबांच्या खिशात होतं.

बाबांना मी बुद्धपौर्णिमेला खिरीच्या निमित्तानं पाहिलं होतं. उंच, हाडापेरानं मोठा माणूस. सौसरच्या पुढं खाणीजवळच्या वस्तीत दोन खोल्यांत एकटे राहायचे, मॅडमची आई जाऊन काही वर्षं झाली होती. ड्रिलनं आणि सुरुंगांनी त्यांचे कान नेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं तर त्यात नुसती खरखर येते म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तोंड कानाशी नेऊन एकेक शब्द ओरडायचा, तोही तीनतीनदा. माणसं पहिल्यांदा ओरडतात, दुसऱ्यांदा हातवारे करतात, तिसऱ्यांदा हसून मान हलवतात. मीही तेच केलं. खीर छान आहे, असं मला त्यांना सांगायचं होतं.

तर त्या दगडाचे चार कण मॅडमनी ओळखीच्या एका शास्त्रज्ञाकरवी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत पाठवले. तिथं दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये मिठाच्या कणाहून लहान तुकडा ठेवून खरोखर दाबतात. मॅडमच्या पंचांनी निकाल आधीच दिला होता. हा दगड अमुक खोलीपर्यंत टिकेल आणि मग अमुक पद्धतीनं बसेल. पाचही जणांत तसूभर फरक नव्हता. एकमत इतकं पक्कं होतं की मॅडमनी तिथं खरा हिशोब लावलाच नाही. प्रयोगातून तेच निघालं की ते सगळं छापून यायचं होतं, बाबांच्या खाणीच्या नावासकट.

उत्तर आलं त्या दिवशी मॅडमनी स्टाफरूममध्ये चिवडा वाटला. वाढदिवस समजून काही जणांनी शुभेच्छा दिल्या.

"पाचही पंच चुकले," त्या म्हणाल्या. "घ्या."

दगडानं फार आधीच बसणं बदललं होतं, आणि जे नवं बसणं धरलं त्याचं पाचांपैकी एकानंही नाव घेतलं नव्हतं. चिवडा संपल्यावर मी त्यांच्याबरोबर व्हरांड्यात गेले. तिथं त्या हसत नव्हत्या.

"चुकले त्याचं काही नाही वो बाई. चुकतेच. पण पाचही सारखेच चुकले, हे मले समजून नाही राहिलं."

काही दिवसांनी समजलं. पाचांना धडे त्यांनीच दिले होते, आणि धड्यांत मांडण्या घातल्या होत्या त्या त्यांना सुचल्या तेवढ्याच. जे त्यांना सुचलं नाही ते पंचांना कुठून येणार? जिथं वाद झाला तिथं त्या थांबल्या, खरं विचारलं. जिथं एकमत झालं तिथं विचारलंच नाही, कारण खरं विचारणं महाग पडतं.

"पाच पंच कुठले," त्या म्हणाल्या. "एकच होता. मीच."

त्याच महिन्यात बाबा मोरीत घसरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आता एकटं ठेवायचं नाही, हे उघड होतं. मॅडमचे मोठे भाऊ नागपूरला नोकरीत होते, चांगला माणूस. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट आहे, दवाखाना समोर. मॅडमनी रीतीप्रमाणे पाच जणांना विचारलं. भाऊ, सौसरचे डॉक्टर, बाबांना भाकर आणून देणाऱ्या शेजारच्या काकू, आमचे प्राचार्य आणि मी. पाचही जण म्हणालो, नागपूर. भाऊ रविवारी गाडी घेऊन येणार असं ठरलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी सौसरच्या जीपमध्ये होतो. जीप खच्चून भरली. कापूस विकून परतलेले लोक, एक नवरी, तिची पेटी. लोकांनी गुडघे एकाआड एक केले, पण मॅडमचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सौसर यायला आलं तेव्हा एकदम माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमी नागपूर काहून म्हटलं होतं?"

"सगळेच म्हणत होते," मी म्हटलं. "दवाखाना समोर. अन् तुमच्याकडं कसं ठेवणार? मशीनचा एवढा घोंघाट."

"घोंघाटाचं कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मला अन् प्राचार्यांनाही."

त्यांनी तिथंच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावानं सांगितलं तुमच्याकडे जमणार नाही, म्हणून मी नागपूर म्हटलं. काकूंना लावला, त्यांनाही भावानंच सांगितलं होतं. मग भावाला फोन. ते म्हणाले, "तूच म्हटलं होतं नं, त्या आवाजात बाबाचं कसं होईन?" मॅडमनी फोन ठेवला. जीप स्टँडवर थांबली, लोक उतरू लागले.

"पुन्हा मीच," त्या म्हणाल्या. "अन् ज्याच्यावर दाब हाये त्याले इचारलंच नाही. ओरडावं लागते म्हणून."

माझं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. पण त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही, आणि मी त्यांच्याबरोबर पुढच्या ऑटोत बसले.

बाबा दारात खाटेवर बसले होते, प्लास्टरचा हात मांडीवर. मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"बाबा, दादा उद्या येते. तुमाले कोठी राहाचं हाये? कोणाजवळ?"

"चहा? झाला चहा."

पुन्हा विचारलं. "उद्या? उद्या रविवार," बाबा म्हणाले. तिसऱ्यांदा मॅडम एवढ्या जोरानं ओरडल्या की काकू बाहेर आल्या आणि हातपंपावरचे दोघं जण बादल्या ठेवून जवळ आले.

"नागपूर म्हणा मॅडम," त्यातला एक म्हणाला. "बाबाले काय समजते."

"तुमाले नाही इचारलं," मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. त्या उठून खाटेवर बसल्या, बाबांचा चांगला हात हातात घेतला आणि तोंड त्यांच्या कानाशी नेऊन एकेक शब्द सावकाश म्हणाल्या. कोठी. राहाचं. हाये.

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

"मले इचारून राहिली?"

"हाव."

"मले वाटलं ठरलं," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "कोणी इचारलं नाही, तं ठरलंच असन."

मॅडमनी मान खाली घातली. मला वाटलं, आता म्हातारा म्हणणार इथंच राहतो, या घरात तुझी आई होती. मनातल्या मनात त्यांचं उत्तर मी ठरवूनही टाकलं होतं. बाबांनी प्लास्टरचा हात नीट केला आणि म्हणाले,

"तुह्या मशीनीच्या खोलीत."

"तेथं लय आवाज..." मॅडमनी सुरुवात केली, आणि मध्येच थांबल्या. तो चेहरा मी विसरणार नाही. उभा जन्म भौतिकशास्त्रात गेलेली बाई, आणि बहिऱ्या माणसाला आवाजाचा त्रास होईल म्हणून इतके दिवस काळजी करत होती. आम्ही पाच जण तीच काळजी करत होतो.

"आवाज मले कोठी येते," बाबा म्हणाले. "दिवाळीले आलतो तं तेथं फरशीवर निजलो होतो. पायाले कंप लागते. खदानीत कम्प्रेसर चालू असला का असाच लागे. लागून राहिला म्हणजे सारं ठीक. बंद पडला का समजाचं, काही तरी झालं." मग ते वस्तीकडे पाहत म्हणाले, "येथं सारं बंद हाये, पोरी. झोप नाही येत."

हातपंपावरच्या लोकांनी बादल्या उचलल्या. मॅडमनी पदरानं आधी बाबांचा चेहरा पुसला, मग स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आले. त्याच गाडीतून बाबांचं सामान, बुद्धाची लहान मूर्ती आणि गादी पांढुर्ण्याला आली. भावानं एकदाच विचारलं, "एवढ्या आवाजात?" आणि मग त्यांनाही ते कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी भर दुपारी मॅडमकडे गेले. आतल्या खोलीत बाबा फरशीवरच्या गादीवर झोपले होते, तळपाय टेबलाच्या लोखंडी पायाला टेकवलेले. कूलरचं तोंड अजून मशीनकडेच होतं. बाबांच्या वाट्याला त्यातली थोडी वळणाची हवा येत होती. मॅडम नेहमीसारख्या ओला पंचा डोक्यावर घेऊन पायरीवर. मी शेजारी बसले.

दगडाचं काय झालं ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, पंचांना नव्या मांडण्यांचे धडे दिलेत, शिकून राहिलेत. आणि आता पाचांचं एकमत झालं तरी त्या अधूनमधून थांबून खरा हिशोब लावतात.

"महाग पडत असेल," मी म्हटलं.

"पडते. मशीन लय तापते, कूलर फुल्ल चालते." त्यांनी आत पाहिलं. "म्हणून दुपारी लावते. बाबाले झोप चांगली लागते."

आम्ही बराच वेळ बसलो. माझ्या नव्या गावाचं बोललो, तिथं पोह्यांचं मीठ कुणाला विचारायचं ते बोललो. बोलता बोलता आतला घुमणारा आवाज उतरत गेला. हिशोब संपला असावा. पंखे मंदावले, कूलर बंद पडला, आणि मांडणीतल्या कपबशा गप्प झाल्या.

"पोरी," आतून बाबांचा झोपेतला, घाबरलेला आवाज आला, "काय झालं वो?"

मॅडम तशाच अनवाणी उठून आत गेल्या. काही नाही बाबा, असं त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी टेबलाशी उभं राहून पुढचा प्रश्न लावला. जरा वेळानं माझ्याखालची पायरी पुन्हा थरथरू लागली, आणि आत बाबा परत झोपले.